संगणकातला पाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एक अट घातली : "तुझ्या कॉम्प्युटरवरच बोल, पण आम्हाला समजलं पाहिजे." अट मला आवडली. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि तरी आर्णीला आले की शेजारच्या काकू पहिला प्रश्न हाच विचारतात, "तू तिथं नेमकं करतं काय वं?" आज त्यांनाही उत्तर देऊन टाकते.

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे एका संगणकावर ठेवलेली फाइल दुसऱ्याच्या हातातल्या मोबाइलपर्यंत धडपणे पोचवणं. एवढंच. पण हा विषय मी आज मुद्दाम घेतला आहे. ही स्मरणिका, जुने फोटो आणि आपल्या सर-मॅडमच्या पाठांचं रेकॉर्डिंग वेबसाइटवर ठेवायचं, असं आपण सगळ्यांनी ठरवलं आहे. आपल्यातले काही पुण्या-नागपूरला आहेत, काही परदेशात. काही जण इथेच शेती करतात आणि त्यांच्या मोबाइलला धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय रेंज येत नाही. फाइल मात्र सगळ्यांना तीच द्यायची आहे. ती कशी द्यायची यावर ती कोणाला मिळणार हे ठरतं.

एक उदाहरण घेऊ. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. आपण तिच्या पुस्तकांवर शिकलो. पुढच्या वर्गातल्या ताई-दादाकडून अर्ध्या किमतीत घ्यायची आणि नवीन कव्हर घालायचं. आज तीच पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवीन वर्ष घरातूनच सुरू झालं, तेव्हा किती तरी घरांत बाबांच्या मोबाइलवर उतरवलेली फाइल हेच पाठ्यपुस्तक होतं.

समजा असं एक सचित्र पुस्तक ५० एमबीचं आहे. मुलीने बटण दाबलं की तिच्या मोबाइलकडून दूरच्या एका संगणकाला मागणी जाते : अमुक फाइल द्या. त्या संगणकाला आम्ही सर्व्हर म्हणतो. तो फाइल शोधतो. नसेल तर ४०४ हा आकडा पाठवतो. तो तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. असेल तर आधी २०० पाठवतो, म्हणजे "सगळं ठीक आहे, घ्या". त्यासोबत फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि किती मोठी आहे ते कळवतो. मग फाइलमधला मजकूर.

हा मजकूर द्यायच्या दोन पद्धती आहेत. पहिली सरळ : अख्खी फाइल डिस्कवरून वाचायची, मेमरीत घ्यायची आणि पाठवायची. प्रोग्राम लिहायला हीच सोपी. घरी एकट्याने तपासून पाहिलं तर झकास चालते. पण सकाळी दहा वाजता ४०० मुलांनी एकदम मागणी केली तर? ४०० गुणिले ५० एमबी, म्हणजे जवळजवळ २० जीबी मेमरी. सर्व्हरकडे ८ जीबीच असेल तर तो बसतो, आणि बसतो तेव्हा चारशेही जणांसाठी बसतो. त्यात ज्याचं नेटवर्क हळू आहे त्याचं ओझं जास्त वेळ. सेकंदाला ५० केबीच घेऊ शकणाऱ्या मोबाइलला ५० एमबी उतरवायला साधारण १७ मिनिटं लागतात. तेवढा सगळा वेळ त्याचं पुस्तक सर्व्हरच्या मेमरीत जागा अडवून बसणार.

दुसरी पद्धत सांगायला मला आर्णीबाहेर जावं लागत नाही. वर दिग्रसजवळ आपल्या अरुणावतीवर धरण आहे. ओलिताला पाणी पाहिजे म्हणून कोणी धरण उचलून वावरात आणत नाही. पाटाला पाणी सोडतात. पाटातून चारीत, चारीतून दांडात, दांडातून पिकाला. कुठल्याही क्षणी दांडात असतं ते थोडंसंच पाणी, पण त्या थोड्याशा पाण्यावर सगळं वावर भिजतं.

फाइलचंही तसंच करता येतं. फाइलचा थोडासा तुकडा वाचायचा, पुढे पाठवायचा, मग पुढचा तुकडा. याला स्ट्रीम म्हणतात. नोड डॉट जेएस नावाची प्रणाली माझ्या रोजच्या कामाची आहे. ती फाइल अशा तऱ्हेने वाचते तेव्हा एका वेळी ६४ केबी घेते. आता हिशेब पुन्हा करा. ४०० गुणिले ६४ केबी म्हणजे २५ एमबी. इकडेतिकडे अजून काही लागेल, पण कुठे २० जीबी आणि कुठे हे! संगणक तोच, पुस्तक तेच, मुलं तेवढीच.

ही कल्पना नवी नाही. १९६४ मध्ये बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ते प्रत्यक्षात आणलं. त्याचं नाव पाइप. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड डॉट जेएस आणलं, त्यातही जोडणीच्या या आज्ञेचं नाव पाइपच आहे. फाइलच्या स्ट्रीमला मोबाइलकडे जाणाऱ्या स्ट्रीमची नळी जोडा, असं एका ओळीत लिहिता येतं.

खरी गंमत यापुढे आहे. डिस्क फार वेगात वाचते आणि मोबाइल हळू घेतो. विहिरीवरची मोटार जोरात आहे आणि दांड अरुंद आहे, अशी ही स्थिती. कास्तकार काय करतो? मध्ये हौद बांधतो. हौद भरला की मोटार बंद, पाणी उतरलं की चालू. संगणकातही असाच हौद असतो, त्याला बफर म्हणतात. तो भरला की वाचणाऱ्याला इशारा जातो : थांब. रिकामा झाला की दुसरा इशारा : सोड. हौद किती भरल्यावर थांबायचं त्या रेषेला नोडमध्ये नाव काय दिलं आहे, तर "हाय वॉटर मार्क", म्हणजे पाण्याच्या पातळीची खूण. नदीकाठच्या गावातल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणि आपण सगळ्यांनी हे वर्गातही पाहिलेलं आहे. श्रुतलेखन आठवा. सर पुस्तक हातात धरून एक वाक्य सांगायचे आणि थांबायचे. खाली घातलेल्या माना वर आल्या की पुढचं वाक्य. मागच्या बाकावरून कोणी "सर, सर, थांबा नं" म्हटलं की पुन्हा थांबायचे. हळू लिहिणाऱ्याचाही परिच्छेद पूर्ण व्हायचा. सर्व्हरला तर अजून एक सोय आहे : प्रत्येक मोबाइलला वेगळी नळी असते, म्हणून हळू घेणाऱ्यासाठी बाकीच्यांना ताटकळावं लागत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कंपनीच्या सर्व्हरचं काम पाहायला गेले होते. नाव सांगत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे जण सकाळीच मोठे अहवाल उतरवायचे आणि सर्व्हर बंद पडायचा. त्यांनी दोनदा जास्त मेमरी विकत घेतली होती. आमच्या टीमने प्रोग्राम उघडून पाहिला. तो प्रत्येक अहवाल अख्खा मेमरीत घेत होता. तेवढा भाग बदलून स्ट्रीम केला. पुढच्या एक तारखेला कोणाचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी शाबासकी नसते.

यात काळजी घ्यायच्याही गोष्टी आहेत. एकदा २०० पाठवून "घ्या" म्हटलं की ते परत घेता येत नाही. म्हणून फाइल आहे का, उघडते का, हे आधी पाहायचं आणि मगच २०० म्हणायचं. घेणारा मध्येच निघून गेला, समजा बस घाटात शिरली आणि रेंज गेली, तर इकडे उघडलेली फाइल बंद करायला हवी. नाही तर अशा उघड्या फाइली साचत जातात आणि एक दिवस सर्व्हरला नवीन फाइल उघडताच येत नाही. नुसत्या पाइपने हे आपोआप होत नव्हतं. २०१८ मध्ये नोडच्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी पाइपलाइन ही वेगळी सोय आली. आणि मागणाऱ्याने मागितलेलं नाव डोळे झाकून उघडायचं नाही. ग्रंथालयातलं पुस्तक मागायला आलेल्याच्या हातात ऑफिसच्या कपाटाची किल्ली द्यायची नसते.

मग तुटलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून घ्यायची का? ५० पैकी ४५ एमबी उतरल्यावर रेंज गेली तर मोबाइल म्हणू शकतो, "माझ्याकडे इथपर्यंत आहे, पुढचं द्या." १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून ही सोय आहे. सर्व्हर तेव्हा २०० ऐवजी २०६ म्हणतो, म्हणजे "अर्धवट देतो आहे, मागितलं तेवढंच". व्हिडिओ मधूनच पाहायला सुरुवात करता येते तीही याच जोरावर. मात्र सर्व्हरला हे शिकवलेलं असावं लागतं. नसेल तर ज्याची रेंज दर दहा मिनिटांनी जाते त्याला ती फाइल कधीच पूर्ण मिळत नाही. त्याचा डेटा पॅक संपतो, फाइल नाही.

आता मराठीची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात जवळची आहे. संगणक अक्षरं बाइटमध्ये मोजतो. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं तर चार बाइट. मराठीत "आर्णी" म्हणजे आ, र, हलंत, ण आणि दीर्घ वेलांटी, अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. ही पद्धत १९९२ मध्ये रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी आखली. हो, पाइपवाले तेच थॉम्पसन.

फाइलचे तुकडे करताना ६४ केबी म्हणजे ६५,५३६ बाइट. त्याला तीनने भागा : २१,८४५ चिन्हं पूर्ण आणि बाकी एक. म्हणजे सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक अक्षर कापलं जातं. एक बाइट इकडे, दोन तिकडे. बाइट जसेच्या तसे पुढे पाठवले तर मोबाइल ते पुन्हा जोडून घेतो, काही बिघडत नाही. पण मधल्या प्रोग्रामने प्रत्येक तुकड्याची वेगवेगळी अक्षरं करायला घेतली की त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. तसंच लांबीचं. "आर्णी"ची लांबी पाच अशी कळवली तर मोबाइल पाच बाइट घेऊन थांबतो, म्हणजे एक "आ" आणि पुढच्या "र"चा मोडका भाग. नुसता इंग्रजी मजकूर घेऊन तपासणाऱ्याला या चुका कधी दिसतच नाहीत, कारण तिथे अक्षर आणि बाइट सारखेच. म्हणून मी माझ्या टीममध्ये तपासणीची फाइल नेहमी मराठीत ठेवते. नवीन मुलं हसतात. मग एखाद्या दिवशी प्रश्नचिन्ह दिसतं आणि हसणं थांबतं.

तर आपल्या वेबसाइटबद्दल माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगते. एक, सर-मॅडमच्या पाठांची एक भली मोठी फाइल करू नका. पाठागणिक वेगळी करा, आणि तुटली तिथून पुढे घेता येईल असाच सर्व्हर निवडा. दोन, स्मरणिका छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये जुळवली असेल तर मजकूर युनिकोडमध्येही मागून घ्या. नाही तर उद्या कोणी आपल्या सरांचं नाव टाकून शोधलं तर ते सापडणार नाही. तीन, फोटोंची हलकी आवृत्ती आधी दाखवा, मोठी ज्याला पाहिजे त्याला.

यातलं तांत्रिक काम मी करीन, तो शब्द देते. पण तपासणी पुण्यातल्या माझ्या घरून करून चालणार नाही, तिथे सगळंच उतरतं. मला इथले चार-पाच जण हवे आहेत, जे साध्या मोबाइलवर, आपल्या वावरातून, एखाद्या तांड्यावरून, पोडावरून गणिताचा एक पाठ उतरवून पाहतील आणि कुठे अडला ते मला कळवतील. तिथल्या मुलीपर्यंत तो पाठ शेवटच्या मिनिटापर्यंत पोचला तर आपली वेबसाइट झाली असं मी समजेन. जेवणाच्या सुट्टीत मी डाव्या बाजूच्या खोलीत बसते आहे; ज्यांना जमेल त्यांनी नाव देऊन जावं.

सर, मॅडम, तुमच्यापुढे फळ्याच्या या बाजूला उभं राहायची संधी मिळाली, याचा फार आनंद आहे.