‘बॉयकॉट’ शब्दाची जन्मकथा

इंग्रजीतील बहुतेक शब्दांचा माग ग्रीक, लॅटिन किंवा जर्मॅनिक मुळांपाशी जाऊन थांबतो. ‘बॉयकॉट’ हा शब्द मात्र १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात, एका माणसाच्या नावातून जन्मला.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८७९ च्या नापिकीने गांजलेल्या कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. ती नाकारली गेली आणि बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी सर्व संबंध तोडावे, असा उपदेश पार्नेल या पुढाऱ्याने नुकताच केला होता. कुळांनी तोच उपाय कारभाऱ्यावर योजिला. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात, धोबीण कपडे घेईना. अखेर अल्स्टर प्रांतातून ५० माणसे कापणीस आणावी लागली, आणि त्यांच्या रक्षणास सुमारे १,००० शिपाई! ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडले, असा तेव्हाचा हिशेब होता.

या कृत्यास नाव काय द्यावे? जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, हा प्रश्न त्याला व तेथील धर्मगुरू फादर ओमॅली यांना पडला. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द तयार होता. प्राचीन अथेन्सचे नागरिक खापरीच्या तुकड्यांवर नाव कोरून एखाद्यास दहा वर्षे हद्दपार करीत. त्या खापरीचे ग्रीक नाव या शब्दात दडले आहे. पण मेयोच्या शेतकऱ्यांना हे खापरीपुराण कसे उमगावे? तेव्हा, ‘बॉयकॉट करणे’ असेच का म्हणू नये, असे फादर ओमॅलींनी सुचविले.

मराठीला ही कल्पना नवी नव्हती. ‘वाळीत टाकणे’ गावोगाव चालतच होते; मात्र वाळीत बहुधा दुबळा पडे. मेयोत दुबळ्यांनी सबळाला वाळीत टाकले, आणि हा फरक लहान नव्हे. १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत ‘बहिष्कार’ हा शब्द विलायती मालाविरुद्ध उगारला गेला, तो याच अर्थाने. तरी त्याचा जुना अर्थ पुसला गेला नव्हता : १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पत्राला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले.

खुद्द बॉयकॉटने १८८० च्या डिसेंबरात इंग्लंड गाठले. पुढल्या वर्षी तो अमेरिकेस गेला, तेव्हा प्रवासापुरते त्याने ‘कनिंगहॅम’ हे नाव धारण केले होते. त्याचे खरे नाव तोवर क्रियापद होऊन वृत्तपत्रांत छापले जात होते.