काळी जमीन, ओल आणि विजेची वाट



विजेच्या वहनाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नव्हे. परभणी जिल्ह्यात ज्यांच्या विहिरीवर विजेचा पंप आहे, त्यांच्या जिवाशी तो निगडित आहे.

पंपाच्या लोखंडी सांगाड्यात बिघाडामुळे वीज उतरली, तर ती अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जावी, अशी योजना असते. पुरेसा प्रवाह वाहिला, तरच फ्यूज वितळतो. परंतु जमीन हा एकसंध वाहक नव्हे. कोरड्या मातीतून वीज जवळजवळ वाहत नाही. तिला वाट मिळते ती कणांमधील ओलीतून आणि त्या ओलीत विरघळलेल्या क्षारांतून. म्हणजे जमीन हे असंख्य लहानमोठ्या विद्युतरोधांचे अस्ताव्यस्त जाळेच होय. त्यातील काही दुवे जुळलेले असतात, काही तुटलेले.

अशा जाळ्यांचे गणित ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली यांनी १९५७ साली मांडले. चौकटी असलेल्या विस्तीर्ण जाळ्याचे दुवे कोणताही क्रम न ठेवता तोडत गेल्यास, निम्म्याहून अधिक दुवे तुटताच सलग वाट संपते. ही निम्म्याची सीमा केस्टन यांनी १९८० साली सिद्ध केली. त्यापूर्वी १९७१ मध्ये लास्ट आणि थाउलेस यांनी वाहक कागदाला वाटेल तेथे छिद्रे पाडून प्रवाह मोजला. कागद जितका कमी झाला, त्याहून कितीतरी वेगाने वहन घटले. कारण उरलेल्या भागातील अनेक वाटा मध्येच खुंटलेल्या होत्या.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा, की वाहक द्रव्य किती उरले यापेक्षा ते परस्परांशी जुळलेले आहे की नाही, याला महत्त्व आहे.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओल थोडी घटली, तरी दुवे झपाट्याने तुटतात. भेग पडून माती सळईपासूनच सुटते. म्हणून पावसाळ्यात समाधानकारक ठरलेले अर्थिंग चैत्र-वैशाखात निरुपयोगी ठरू शकते. सळई कायम ओल राहणाऱ्या थरापर्यंत पोचवावी. खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे. परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंगचा रोध उन्हाळ्यातच मोजून घ्यावा. गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरणही बसवावे, कारण रोध वाढला तर फ्यूजवर विसंबता येत नाही.

शिक्षकांना हा विषय फाशाने शिकविता येईल. चौकटीच्या कागदावरील प्रत्येक रेघेसाठी फासा टाकावा. एक वा दोन पडल्यास रेघ खोडावी. उभी वाट बहुधा सापडेल. मग नव्या कागदावर एक ते चार पडल्यास खोडावी. वाट बहुधा सापडणार नाही. रेघा तर दुसऱ्या कागदावरही सुमारे एकतृतीयांश उरलेल्या असतील. विद्यार्थ्यांनी हे स्वत: मोजून पाहिले, तर घरच्या पंपाच्या अर्थिंगला पाणी का घालावयाचे, हे ते वडीलधाऱ्यांना समजावून सांगू शकतील. ग्रामपंचायतींनीही सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या पंपांची तपासणी दर उन्हाळ्याच्या आरंभी करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.