चाळिशीतील उमेदवारी



आम्ही घोडबंदर रोडवरचे चाकरमाने. चाळिशीनंतर चार्टर्ड अकौंटंट व्हावे असे आमच्यापैकी काहींना वाटते, आणि लोक पहिली शंका काढतात ती वयाची. परंतु १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने कमाल वयाची अट घातलेलीच नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीला ५५ टक्के गुण असतील, तर फाउंडेशन परीक्षाही माफ. पुढे इंटरमीजिएटचे ६ आणि फायनलचे ६ पेपर. प्रत्येकात निदान ४० टक्के, गटात एकूण ५०. अभ्यास जमेल, पाटलीपाड्याला बस तुंबली की तेवढ्यात एखादे प्रकरण वाचून होते!

खरी कसोटी उमेदवारीची. २०२३ पासून ती ३ वर्षांची २ वर्षे झाली. परंतु करावयाची पूर्ण वेळ. म्हणजे हातची नोकरी सोडावयाची, तुटपुंज्या विद्यावेतनावर मुलांची फी आणि घराचा हप्ता निभवावयाचा, आणि पुतण्याच्या वयाच्या माणसाला 'सर' म्हणून व्हाउचरे तपासावयाची.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : पुस्तके आणण्यापूर्वी घरच्या मंडळींसमवेत बसा आणि त्या दोन वर्षांचा जमाखर्च मांडा. तो जुळला, तर खुशाल नाव नोंदवा. दुसऱ्यांचे हिशेब तपासू पाहणाऱ्याने आधी आपल्या घरचा तपासावा, हे उचित नव्हे काय?