सीपॅप यंत्रातील पाण्याची डबी



झोपेत श्वास अडकणाऱ्याला आपण सीपॅप यंत्र आणून देतो. पण त्यातील पाण्याच्या डबीची निगा आपण घरच्यांनीच राखावयाची असते. आपला कोरपना तालुका चुनखडीचा. म्हणूनच गडचांदूरला सिमेंट कारखाना उभा राहिला. असे जड पाणी डबीत पांढरा थर धरते. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार पूर्णपणे जात नाहीत. म्हणून डिस्टिल्ड पाणीच घालावे. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. यासाठी रोज सकाळी यंत्र बंद करून, डबी थंड झाल्यावर उरलेले पाणी फेकावे. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. थर दिसल्यास एक भाग पांढरे व्हिनेगर, दहा भाग पाणी घालून दहा मिनिटे ठेवावे व खळखळून धुवावे. आजाऱ्याचा श्वास रात्रभर या डबीतून जातो, हे आपण विसरू नये.