बीजांची ऊब

मटकीला मोड आणावयाचे असले म्हणजे थंडीत आपण पुरचुंडी उबदार कोपऱ्यात ठेवतो. तेच आपण जानेवारीत दिल्लीच्या गच्चीवर उघड्या कुंडीत मिरची पेरतो आणि ती उगवली नाही की दुकानदाराला बोल लावतो. बी बहुधा निर्दोष असते. टोमॅटोचे बी मातीचे उष्णतामान २५ अंश सेल्सिअस असता सुमारे ६ दिवसांत उगवते. १५ अंशांवर १४ दिवस घेते, आणि १० अंशांवर तब्बल ४३! तेवढ्या अवधीत कचेरीतील फाइलदेखील हलते. शिवाय थंड, ओल्या मातीत बी कुजण्याचे भय असतेच.

श्रोतेहो, मोजावयाचे ते मातीचे उष्णतामान, हवेचे नव्हे. ओली माती बाष्पीभवनामुळे हवेहून गार राहते. म्हणून कुंडीवर काच झाकावी आणि रात्री ती घरात घ्यावी. मिरची-वांग्यांना २५ ते ३० अंश मानवतात. कोंब दिसताच मात्र काच काढून रोपे उजेडात न्यावीत. नाही तर ती लुकडी होतात.

लेट्यूसची तऱ्हा उलटी. तिशीपुढे पारा गेला की त्याचे बी झोपी जाते. नागपुरास सप्टेंबरात ते पेरावयाचे तर कुंडी माठाशेजारच्या गारव्यात ठेवणे बरे.