जुने लोखंड घेताना
(गावच्या सभेत केलेले भाषण)

मंडळी, आज आपण व्यायामाच्या सामानाविषयी बोलणार आहोत. नवे घ्यावे की जुने घ्यावे, एवढाच प्रश्न आहे. पण त्यापायी कोणाची शेळी विकली जाते, कोणाचे डोरले गहाण पडते. म्हणून तो लहान नाही.

आज घरोघरी पोलीस भरतीची तयारी चालली आहे. मुलगे आहेत, मुलीही आहेत. पोरगा म्हणतो, "आबा, घरी वजनाचा सेट पाहिजे." तालुक्याचा दुकानदार म्हणतो, "घेऊन जा की, हप्त्यानं द्या." आबांना नाही म्हणवत नाही. शेळी बाजारात जाते आणि चकचकीत सामान घरात येते. पोरगा भरती होतो की नाही ते पुढे दिसेल. हप्ता मात्र दर महिन्याला येतोच.

आमचे म्हणणे असे, की हे सामान जुने घ्या.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, गाडीला जुंपून चार पावले चालवतो. कारण बैल म्हातारा होतो. ओतीव लोखंडाची चकती म्हातारी होत नाही. दहा किलोची चकती वीस वर्षांनीही दहा किलोच भरते. वरचा रंग उडतो, थोडा गंज चढतो, एवढेच. मग नुसत्या रंगाचे पैसे का मोजायचे?

जुने सामान शहरात पुष्कळ मिळते. २०२० साली करोनाची टाळेबंदी झाली. व्यायामशाळांना कुलपे लागली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी घरीच सामान आणले. पुढे कुलपे निघाली, कामे सुरू झाली, हौस फिटली. सामान पलंगाखाली गेले. शहरातली घरे लहान. घरची बाई म्हणते, कोणीतरी न्या हो हे! आपले कोणी पुण्या-मुंबईला असेल, त्याला सांगून ठेवावे.

आता पारख कशी करायची ते पाहू. चकतीवर आकडा उठवलेला असतो. त्यावर भरवसा ठेवू नका. जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक चकती घाला, आणि भरेल त्या वजनाचेच पैसे द्या. शाळेत आम्ही मुलांना हिशेब घालीत असू, तसा एक घालतो. भाव हिशेबापुरते धरले आहेत. नवा सेट ५० किलोचा, किलोला १२० रुपये. झाले ६,००० रुपये. जुना सेट किलोला ७० रुपये. आकड्यांची बेरीज ५० किलो, पण काट्यावर भरले ४६. तर द्यायचे ३,२२० रुपये. आकड्यावर विसंबलो असतो तर २८० रुपये उगाच गेले असते.

प्लॅस्टिकच्या चकत्या घेऊ नका. त्यांच्या पोटात बहुधा सिमेंट किंवा वाळू असते. पडल्या की फुटतात.

चकतीचे भोक आणि दांडा जुळला पाहिजे. स्पर्धेच्या मोठ्या दांड्याचे टोक ५० मिलिमीटर जाड असते. घरच्या सेटचा दांडा साधारण इंचभर, म्हणजे निम्माच. एकाची चकती दुसऱ्याला चालत नाही. दांडा सपाट फरशीवर घरंगळत सोडा. उड्या मारीत गेला तर तो वाकला आहे. तो घेऊ नका.

सर्वांत जपायचे ते बाकाला. बाकावर पोरगा उताणा झोपतो आणि वजन छातीवर घेतो. बाक मोडला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून बाक उलटा करा. वेल्डिंगचे सांधे बोट फिरवून पाहा. रंगात केसासारखी चीर आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला, तर सांधा गेला समजा. दोन धट्टी माणसे बसवून बाक हलवून पाहा. असा बाक कोणी फुकट दिला तरी तिथेच ठेवा.

पळायचे यंत्रही नको. पट्टा घासतो, मोटार जळते, आणि आपल्याकडे वीज केव्हा असते ते तुम्हांला ठाऊकच आहे. भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचे असते, ते मैदानावर. आपला बंधाऱ्याचा रस्ता कोणी उचलून नेला आहे काय?

गोळा मात्र जुना खुशाल घ्या. मुलांचा ७ किलो २६० ग्रॅमचा, मुलींचा ४ किलोचा. तोही काट्यावर घाला. हलक्या गोळ्यावर सराव झाला की ऐन परीक्षेत हात फसतो. वाचलेल्या पैशांतून शेंगदाणे, अंडी आणि पळायचे बूट आणा. बूट तेवढे नवेच हवेत, कारण जुन्याचा तळ दुसऱ्याच्या पायाने दबलेला असतो.

आणखी एक. मोबाइलवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका. माल डोळ्यांनी पाहावा, हातांनी उचलावा, मग पैसे. आणि पावती घ्यावी. आता आपल्याला लिहिता येते. कागदावर तारीख, सामान, वजन, रक्कम लिहा. विकणाऱ्याचे नाव, पत्ता लिहून त्याची सही घ्या. सही द्यायला तो कांकू करू लागला तर उठून या. चोरीचा माल निघाला, तर चौकशी आपल्या दारात येते. पोलिसात जाणाऱ्या पोराची आधी चारित्र्य पडताळणी होते, हे ध्यानात असू द्या.

सामान घरी आले की तारेच्या ब्रशाने गंज काढा. पॉलिश कागद मारा. रेड ऑक्साइडचा एक हात द्या, वाळला की ऑइलपेंट. दांड्याला रंग देऊ नये, हात घसरतो. त्याला पावसाळ्याआधी तेलाचे फडके फिरवावे, आणि उचलण्यापूर्वी तो कोरडा पुसावा. चकत्या भिंतीला उभ्या टेकवू नका, आडव्या ठेवा. घरात रांगती पोरे असतात.