कागद कोणाच्या नावावर?

नोएडा, गुरुग्राम, पुणे, कुठेही सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर हे तुमच्यासाठी.

आरोग्य सेतू अ‍ॅपचा अँड्रॉइड कोड मे २०२० मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तरी अ‍ॅप कोणी आणि कसं तयार केलं या माहिती अधिकारातल्या प्रश्नावर एनआयसीने 'आमच्याकडे माहिती नाही' असं कळवलं. ऑक्टोबरात केंद्रीय माहिती आयोगाने नोटीस काढली, तेव्हा मंत्रालयाचा खुलासा आला: सरकार, उद्योग आणि शिक्षणसंस्थांनी मिळून ते सुमारे २१ दिवसांत उभं केलं. कोड होता, पण कोणी, का ठरवलं, हे कोड सांगत नाही.

फौजेत पुस्तिकेत दुरुस्त्यांचा तक्ता असतो. क्रमांक, तारीख, करणाऱ्याची सही. त्यामुळे हातातली प्रत ताजी आहे की शिळी, लगेच कळतं.

टीममध्येही हेच करा. प्रत्येक दस्तऐवजाचा एकच धनी, नावानिशी. कोड बदलला की त्याच बदलात दस्तऐवजही बदला. तपासणाऱ्याने दोन्ही पाहूनच मंजुरी द्यावी. जुनी पानं काढून टाका. रात्री दोनला सर्व्हर बसला, की ड्युटीवरचा मुलगा त्याच पानावर विश्वास ठेवतो. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा घातक.

आणि नवीन माणूस आला, की फक्त दस्तऐवज वाचून त्याला काम सुरू करायला सांगा. जिथे तो अडेल, ते पान त्याच दिवशी, त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्या.

जय हिंद.